गाण्याच्या शोमधली भांडणं नेमकी शिजतात कुठे?

गाण्याच्या कुठल्याही मोठ्या शोचा नवा सीझन सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मोबाईलवर त्याच त्या बातम्या यायला लागतात, अमक्या परीक्षकाने शो सोडला, तमक्या पोराला मुद्दाम बाहेर काढलं, सेटवर दोघांचं जोरदार वाजलं. आणि मग बघणाऱ्यांचे दोन गट पडतात. एकाचं म्हणणं, सगळं स्क्रिप्टेड आहे, कोण जिंकणार ते पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. दुसऱ्याचं म्हणणं, पोरं एवढी जीव तोडून गातात, तुम्ही घरी बसून काय नावं ठेवता.

हा घोळ होतो कारण आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. पहिली गोष्ट वाद रंगवणं. दुसरी, परीक्षणाला वळण लावणं, म्हणजे कुणाचं किती कौतुक करायचं हे आधीच सांगून ठेवणं. आणि तिसरी, लोकांनी दिलेल्या मतांत हात घालणं. पहिली बघून चीड येते पण तो धंद्याचा भाग आहे, दुसरीने गाणाऱ्या पोराचं नुकसान होतं, आणि तिसरी ही सरळ सरळ फसवणूक आहे, एका देशात तर त्यासाठी शो बनवणारी माणसं तुरुंगात गेलीत. तिन्हीला 'स्क्रिप्टेड' म्हणून मोकळं झालं की सगळ्यात गंभीर जी आहे ती पण 'चालायचंच' मध्ये निघून जाते, आणि मला नेमकं तेच खटकतं.

चॅनलला गाणं विकायचंच नसतं

चॅनलचा मुख्य पैसा जाहिरातीतून येतो आणि जाहिरातीचा भाव ठरतो टीआरपीवर. टीआरपी म्हणजे अमुक एक कार्यक्रम किती लोकांनी, किती वेळ बघितला याचा अंदाज. अंदाज अशासाठी म्हणतोय की देशातल्या प्रत्येक टीव्हीवर काही मीटर लावलेला नसतो. बार्क नावाची संस्था साधारण ५५ ते ६० हजार घरांत मीटर लावते आणि त्यावरून अख्ख्या देशाचा आकडा काढला जातो. तो आकडा दर आठवड्याला येतो, आणि तो पडला की दुसऱ्या दिवशी शोच्या टीमची मीटिंग लागते.

आता गाण्याची अडचण काय आहे बघा. एखाद्या पोरीने लताबाईंचं गाणं सुंदर म्हटलं, तुम्ही ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि संपलं. तुमचं समाधान झालं. पुढच्या शनिवारी परत यायचं कारण त्या गाण्यात नाही. पण त्याच पोरीला एक परीक्षक वा वा म्हणाला आणि दुसरा म्हणाला की ही इथे असायलाच नको होती, आणि तेवढ्यात एपिसोड संपला, तर मात्र तुम्ही परत येता. गाणं तीन मिनिटांत पूर्ण होतं, भांडण आठवडाभर टिकतं. चॅनल तुमचं पुढच्या आठवड्याचं येणं विकतं, आणि त्यासाठी काहीतरी अर्धवट राहायला लागतं.

त्यात समोरच्या चॅनलवर त्याच वेळी दुसरा शो असतो. ही चढाओढ फक्त आपल्याकडची नाही, जगभर आहे. इंडियन आयडॉलचं मूळ ब्रिटनमधल्या २००१ च्या पॉप आयडॉलमध्ये. तो शो सायमन फुलरचा आणि त्यात परीक्षक होता सायमन कॉवेल. पुढे कॉवेलने स्वतःचा द एक्स फॅक्टर काढला तेव्हा फुलरने २००४ मध्ये त्याच्यावर दावाच ठोकला की हे माझ्या फॉरमॅटची नक्कल आहे. फॉरमॅट म्हणजे शोचा साचा, ऑडिशन कशी, बाहेर कसं काढायचं, मत कसं मागायचं हे सगळं, आणि हा साचा देशोदेशी विकला जातो. पुढच्या वर्षी दोघांचं मिटलं. २०१२ मध्ये अमेरिकेत एक्स फॅक्टरचा नवा सीझन ज्या रात्री सुरू होणार त्याच रात्री एनबीसी या दुसऱ्या चॅनलने आपल्या द व्हॉइस या गाण्याच्या शोचा एक तास जादा लावला आणि कॉवेल भडकला. म्हणजे शोमधली भांडणं बाजूला ठेवा, शो बनवणाऱ्यांचं आपसातलं वैर हे शंभर टक्के खरं असतं.

आपल्याकडे हे स्टेजवर कधी आलं

झी टीव्हीवर १९९५ मध्ये सा रे ग म सुरू झालं, सोनू निगम सूत्रसंचालक, समोर संगीतातली मोठी जाणती माणसं परीक्षक म्हणून. ज्यांनी ते बघितलंय त्यांना आठवत असेल, कसलंही नाट्य नव्हतं, सूर कुठे हलला ते सांगायचे, मार्क द्यायचे, पुढचा स्पर्धक. मग २००४ ला सोनीने इंडियन आयडॉल आणलं, आणि मतदान एसएमएसने. ऑडिशनला बेसूर गाणाऱ्यांना अनु मलिक कसे झापायचे तेच जास्त बघितलं जायला लागलं. २००५ च्या मार्चमध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला आणि रातोरात देशभर माहीत झाला.

झीला उत्तर देणं भाग होतं. त्याच वर्षी सा रे ग म प चॅलेंज २००५ आलं, आणि त्यात नियमातच एक बदल केला जो माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली आहे. परीक्षक हे परीक्षक राहिले नाहीत, ते घराण्यांचे प्रमुख झाले. हिमेश रेशमियाचं एक घराणं, इस्माईल दरबारचं दुसरं, आदेश श्रीवास्तवचं, जतिन-ललितचं. प्रत्येकाचे आपापले स्पर्धक, प्रत्येकाची आपली घोषणा. आता जो माणूस तुमच्या पोराला मार्क देणार त्याचा स्वतःचा पोरगा पण त्याच स्पर्धेत, मग काय होणार? हिमेश आणि इस्माईल दरबार यांची स्टेजवरची खडाजंगी त्या वर्षी लोकांनी गाण्यापेक्षा जास्त चवीने बघितली. ती लिहून दिली होती की मनापासून होती यावर आजही लोक वाद घालतात, पण खरं सांगायचं तर लिहून द्यायची गरजच नव्हती, नियमच असे केले होते की भांडण होणारच.

म्हणून 'स्क्रिप्टेड आहे का' या प्रश्नाने फार काही हाती लागत नाही. हातात संवादाचा कागद देणं हा अगदी कच्चा मार्ग झाला. नियम असे करायचे, माणसं अशी निवडायची, खुर्च्या अशा मांडायच्या की ठिणगी आपोआप पडते, आणि मग कॅमेरा तयार ठेवायचा.

त्याच २००५ मध्ये सोनीने फेम गुरुकुल पण काढलं. त्यात काश्मीरचा काझी तौकीर लोकांच्या मतांवर शेवटपर्यंत गेला आणि रूपरेखा बॅनर्जीबरोबर जिंकला. तो दिसायला, वागायला लोकांना आवडायचा, पण गाण्यात तो कमी पडतो असं जाणकार उघड म्हणायचे, आणि ह्या मतभेदावरच शो चालला. त्याच स्पर्धेतून मध्येच बाहेर पडलेला एक मुलगा होता अरिजित सिंग.

एडिटिंगच्या टेबलावर

लग्नाचा व्हिडिओ आठवा. मामा मांडवात बसल्या बसल्या फोनवर कुणावर तरी चिडलाय, व्हिडिओवाल्याने तो चेहरा घेतला, आणि एडिट करताना नेमका नवऱ्या मुलाकडचे आहेर देतायत त्याच्या पुढे जोडला. झालं, बघणाऱ्याला वाटणार आहेर कमी पडला म्हणून मामा तापला. प्रत्येक शॉट खरा आहे, खोटं काहीच शूट केलेलं नाही, तरी गोष्ट खोटी.

शोमध्ये हेच होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. एका एपिसोडचं शूटिंग दिवसभर चालतं आणि आपल्याला दिसतो तासाभराचा तुकडा. परीक्षकांचे, बाकीच्या स्पर्धकांचे, आईवडिलांचे चेहरे सतत टिपले जात असतात, त्याला रिअ‍ॅक्शन शॉट म्हणतात, आणि ते कुठल्या गाण्यामागे लावायचे हे टेबलावर ठरतं. मग ढगांचा गडगडाट, तीनदा तेच दृश्य, चेहऱ्यावर झूम. प्रोमोमध्ये तर परीक्षक उठून जाताना दाखवतात, एपिसोड बघितला तर तो स्पर्धकाला मिठी मारायला उठलेला असतो. हे तुम्ही एकदा तरी अनुभवलं असणारच.

आता अलिबागचं प्रकरण बघा, ते आपल्या दाराशी घडलंय म्हणून सांगतो. मे २०२१, इंडियन आयडॉलचा बारावा सीझन, कोविडमुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद होतं म्हणून सगळं युनिट दमणला हलवलेलं. सूत्रसंचालक आदित्य नारायण एका स्पर्धकाशी बोलताना 'हम क्या अलीबाग से आए हैं' असं बोलून गेला. मुंबईत हे वाक्य लोक 'आम्हाला बावळट समजू नका' या अर्थाने सर्रास वापरतात आणि अलिबागकरांना ते लागतं, इतकं की त्यावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर मुंबई हायकोर्टात गेला होता, २०१९ मध्ये कोर्टाने ती याचिका फेटाळली. तर ते वाक्य टीव्हीवर गेलं, मनसेच्या चित्रपट सेनेचे अमेय खोपकर यांनी माफीची मागणी करत इशारा दिला, आणि आदित्यने माफी मागितली.

वाद पेटावा म्हणून ते वाक्य मुद्दाम ठेवलं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, तसा पुरावा नाही. मला वेगळंच दाखवायचंय. हा काही लाईव्ह शो नव्हता. बोलून झाल्यावर ते वाक्य एडिटर, क्रिएटिव्ह टीम, चॅनलची माणसं एवढ्या नजरांखालून गेलं आणि मग आपल्यापर्यंत आलं. रेकॉर्डेड शोमध्ये जे दिसतं ते कुणीतरी ठेवलेलं असतं, मुद्दाम ठेवलेलं नसलं तरी निदान काढलेलं तरी नसतं. 'अचानक घडलं' असं जेव्हा प्रोमोत सांगतात तेव्हा एवढं एकच लक्षात घ्यायचं, अचानक घडलेलं सुद्धा दोन-चार दिवस टेबलावर पडून मग आलंय.

कौतुक करा असं सांगितलं होतं

त्याच मे महिन्यात त्याच शोमध्ये किशोरकुमार स्पेशल झाला. अमितकुमार पाहुणे म्हणून आले होते, वडिलांची गाणी पोरं गातायत, आणि ते प्रत्येकाचं कौतुक करतायत. लोकांना तो एपिसोड आवडला नाही, सोशल मीडियावर खूप टीका झाली. मग अमितकुमारांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं की मला स्वतःलाही तो एपिसोड आवडला नव्हता, पण सगळ्यांचं कौतुक करा असं मला सांगितलं होतं आणि मी ते केलं. यानंतर गायिका सुनिधी चौहान, जी आधीच्या सीझनमध्ये परीक्षक होती, तिनेही सांगितलं की आम्हालाही स्तुती करायला सांगायचे आणि ते मला जमण्यासारखं नव्हतं.

इथे आपण पहिल्या गोष्टीवरून दुसरीवर आलो. दोघांचं खोटं भांडण दाखवलं तर माझं फारसं नुकसान होत नाही. पण एकोणीस-वीस वर्षांचं पोर आपलं गाव सोडून येतं ते मोठ्या माणसाकडून खरं ऐकायला, कुठे चुकतंय, कशावर मेहनत घेऊ. त्याला जर प्रत्येक वेळी उभं राहून टाळ्याच मिळाल्या, आणि त्या टाळ्या ठरवून मिळाल्या, तर त्याने शिकायचं काय? शो संपल्यावर स्टुडिओत गेल्यावर कुणी उभं राहून टाळ्या वाजवत नाही, तिथे म्युझिक डायरेक्टर म्हणतो पंचमाला कमी पडतोयस, परत घे.

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. या टीकेनंतरच्या एका एपिसोडमध्ये कुमार सानू, अनुराधा पौडवाल, रूपकुमार राठोड पाहुणे आले तेव्हा आदित्य नारायणने त्यांना स्टेजवरच विचारलं, तुम्ही जे कौतुक केलंत ते मनापासून की आमच्या टीममधल्या कुणी सांगितलं म्हणून? त्यांनी अर्थात मनापासून असंच उत्तर दिलं. म्हणजे शोवरची टीका पण शोच्या आत आली, त्याचाही प्रोमो झाला, त्यावरही बातम्या झाल्या. वाद बाहेरून आला की आतून, यंत्राला फरक पडत नाही, ते त्याचं पुढचं एपिसोड करतं.

ह्याच्या आदल्या सीझनला तर आदित्य आणि परीक्षक नेहा कक्कर यांचं लग्न ठरल्याचं कथानक चालवलं होतं, १४ फेब्रुवारी २०२० ही तारीख सुद्धा सांगितली, आदित्यचे वडील उदित नारायण स्वतः सेटवर आले. त्याच उदितजींनी बाहेर सांगितलं की हे बहुतेक टीआरपीसाठी आहे. त्याच वर्षाच्या शेवटी दोघांची लग्नं झाली, वेगवेगळ्या माणसांशी. बाराव्या सीझनला पवनदीप राजन आणि अरुणिता कांजीलाल या दोन स्पर्धकांची जोडी रंगवली, ते दोघं बाहेर सांगत होते आम्ही चांगले मित्र आहोत. त्या सीझनची महाअंतिम फेरी १५ ऑगस्ट २०२१ ला दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत चालली, आणि पवनदीप जिंकला. तो उत्तम गातो, वाद्यंही वाजवतो. मला वाईट याचंच वाटतं की इतक्या गुणी पोराबद्दल सीझनभर लोक काय बोलत होते, तर त्याचं आणि अरुणिताचं काय चाललंय.

गरिबी दाखवण्याचा प्रश्न

यावर अभिजीत सावंतचं म्हणणं मला सगळ्यात पटतं, कारण तो पहिला विजेता आणि आतून बघितलेला माणूस. २०२१ मध्येच तो म्हणाला होता की हल्ली शो बनवणाऱ्यांना स्पर्धकाच्या गाण्यापेक्षा तो बूट पॉलिश करू शकतो का, तो किती गरीब आहे यात जास्त रस असतो. त्याने स्वतःचा किस्सा पण सांगितला, की आपण एकदा गाताना शब्द विसरलो होतो, परीक्षकांनी दुसरी संधी दिली आणि विषय तिथेच मिटला, पण तेच आज घडलं असतं तर विजा कडाडल्याचे इफेक्ट लावून दाखवलं असतं.

आता यात एक बाजू समजून घ्यायला हवी. अकराव्या सीझनचा विजेता सनी हिंदुस्तानी, भटिंड्याचा, खरोखर बूट पॉलिश करायचा. ती गोष्ट खोटी नाही आणि सांगण्यासारखी नक्कीच आहे, त्यातून कितीतरी घरांतल्या पोरांना हिंमत आली असेल. पण एकदा सांगणं वेगळं आणि दर आठवड्याला त्याच्या आईला स्टेजवर बोलवून रडवणं वेगळं. शिवाय जी मुलगी मध्यमवर्गीय घरातली आहे, वडील बँकेत आहेत, दहा वर्षं रोज पहाटे उठून रियाज केलाय, तिच्याकडे दाखवायला 'गोष्ट' नाही म्हणून ती मागे पडते. म्हणजे गरिबाचा वापर होतो आणि जो गरीब नाही त्याच्यावर अन्याय होतो.

मग मतं पण खोटीच असतात का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि इथे मी घाईने हो म्हणणार नाही. भांडण रंगवलंय म्हणून मतंही बनावट, असं सिद्ध होत नाही. पण मतांत गडबड होऊ शकते का, तर हो, झालीये, आणि पकडली गेलीये.

ब्रिटनमध्ये आयटीव्ही या मोठ्या चॅनलने लोकांना महागडे फोन करायला लावले आणि काही कार्यक्रमांत त्यांची मतं धरलीच नाहीत. त्यात सोपस्टार सुपरस्टार हा गाण्याचा शो पण होता. मे २००८ मध्ये तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला.

दक्षिण कोरियातलं प्रकरण तर प्रत्येक प्रेक्षकाने माहीत करून घ्यावं असं आहे. प्रोड्यूस एक्स १०१ नावाचा शो, लोकांनी मतं देऊन ११ मुलांचा बँड निवडायचा. जुलै २०१९ मध्ये अंतिम निकाल लागला, मतांचे आकडे पडद्यावर दाखवले, आणि चाहते कॅल्क्युलेटर घेऊन बसले. त्यांना दिसलं की एकामागोमाग एक असलेल्या स्पर्धकांमधला फरक पुन्हा पुन्हा तोच येतोय, २९,९७८. लाखो मतांमध्ये हा फरक एकदा येणं ठीक, तोच आकडा अनेकदा येणं शक्यच नाही. चाहत्यांनी तक्रार केली, पोलिसांनी चॅनलच्या ऑफिसवर धाड घातली, नोव्हेंबरमध्ये निर्माता आन जून-यंग याला अटक झाली आणि मे २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. एकाच नाही तर त्या मालिकेच्या सगळ्या सीझनमध्ये फेरफार झाल्याचं निघालं. नुकताच उभा राहिलेला तो बँड जानेवारी २०२० मध्ये मोडला. अपिलात वरच्या कोर्टाने ज्या मुलामुलींना त्यांची मतं असूनही डावललं गेलं त्यांची नावं जाहीर केली, कारण त्यांचं नुकसान भरून निघायची सुरुवात तिथूनच होणार होती.

यात महत्त्वाचं काय, तर आकडे जाहीर होते म्हणून चोरी पकडली गेली. आपल्याकडे? विजेत्याचं नाव जाहीर होतं, पण पहिल्याला किती, दुसऱ्याला किती, कुणी मोजली, कुठल्या बाहेरच्या माणसाने तपासली, हे प्रेक्षकाला नीट तपासता येईल अशा रीतीने समोर ठेवायची पद्धतच नाही. त्यामुळे २०२३ मध्ये पहिल्या सीझनचा उपविजेता अमित साना म्हणाला की फायनलच्या आधी माझ्या व्होटिंग लाईन्स बंद केल्या होत्या, आणि अभिजीतने ते खोडून काढलं, तेव्हा आपल्यासारख्याला कुणाचं खरं हे ठरवायला हातात काहीच नव्हतं. संशय घेतला तर जिंकलेल्यावर अन्याय, नाही घेतला तर कदाचित हरलेल्यावर. आकडे नसले की दोघंही आयुष्यभर त्या संशयाखाली राहतात.

मतांमागे लोकांचं किती काय गुंतलेलं असतं ते २००७ ला दिसलं. कोलकाता पोलिसातला शिपाई प्रशांत तमांग, दार्जिलिंगचा, इंडियन आयडॉलच्या फायनलला पोचला आणि त्या डोंगराळ भागात लोकांनी वर्गणी काढून एसएमएस केले. तो जिंकला. नंतर एका रेडिओ जॉकीने गोरखा लोकांबद्दल केलेल्या शेऱ्यावरून सिलिगुडीत दंगल झाली. आणि प्रशांतच्या चाहत्यांच्या लाटेवर तिथले नेते बिमल गुरुंग पुढे आले, ऑक्टोबर २००७ मध्ये वेगळं गोरखालँड राज्य मागणारा त्यांचा पक्ष, गोरखा जनमुक्ती मोर्चा, उभा राहिला. एका गाण्याच्या शोच्या मतदानातून एवढं सगळं. म्हणून 'एक मत, त्यात काय' असं मला म्हणवत नाही.

पण पोरांचं भलंच होतं ना?

होतं की. श्रेया घोषाल सा रे ग म मधूनच पुढे आली, अरिजित बाहेर पडूनही पुढे गेला, अभिजीतला वीस वर्षांनी बिग बॉस मराठीत लोकांनी दुसऱ्या नंबरपर्यंत नेलं. शो नसते तर छोट्या गावातल्या कितीतरी पोरांना कुणी विचारलं नसतं, हे मान्य करायलाच हवं आणि मी मनापासून मान्य करतो.

पण हे भलं गाण्यामुळे आणि पडद्यावर दिसण्यामुळे होतं, भांडणामुळे नाही. वादाचा फायदा चॅनलला आठवडाभर, आणि डाग मात्र स्पर्धकाच्या नावावर, गूगलवर कायमचा. लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्त टोकदार होतो, त्यांना प्रोमो काय आणि टीआरपी काय, काहीच कळत नसतं. डान्स शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांच्या गाण्यांवर भलते हावभाव करायला लावतात म्हणून जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याला चॅनल्सना सूचना काढावी लागली.

मराठीत तरी असं नाही, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं होतं. अभिजीतनेही तेच म्हटलं होतं, की प्रादेशिक शोमध्ये स्पर्धकाच्या घरची परिस्थिती प्रेक्षकाला फारशी माहीतही नसते, लक्ष गाण्यावर असतं. झी मराठीवरचं २००८-०९ चं लिटिल चॅम्प्स आठवा, पल्लवी जोशी सूत्रसंचालनाला, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा घराघरात वाद झाले, कुणाला आर्या आंबेकर हवी होती, कुणाला प्रथमेश लघाटे, कुणाला रोहित राऊत, आणि मुग्धा वैशंपायन तर सगळ्यांचीच लाडकी. पण तो वाद कशावरून होता? अभंगाला तिचा आवाज की नाट्यगीताला त्याची फिरत, यावरून. असा वाद हजार वेळा व्हावा. पाचही जणांना नाव मिळालं आणि २०२१ च्या पर्वात हीच पाच मुलं मोठी होऊन परीक्षणाला बसली.

तरी निश्चिंत राहावं अशी परिस्थिती नाही. कलर्स मराठीने सूर नवा ध्यास नवा आणलं, सोनी मराठीने नोव्हेंबर २०२१ मध्ये अजय-अतुल यांना घेऊन इंडियन आयडॉल मराठी आणलं, ज्यात पनवेलचा सागर म्हात्रे जिंकला. चॅनल मराठी असले तरी मागच्या कंपन्या त्याच, फॉरमॅट तोच, बार्कचा आकडा तोच. प्रोमोमध्ये गडगडाट मराठीतही ऐकू यायला लागलाय.

तक्रार करायची तर कुठे?

दाखवलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे अपमान, लहान मुलांशी वागणूक, अश्लीलता, याबद्दल असेल तर बीसीसीसी म्हणून चॅनल्सनीच २०११ मध्ये नेमलेली तक्रार परिषद आहे, तिथे लिहिता येतं. मतांचा मामला जास्त अवघड आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात क्विझ शोमध्ये आवडत्या स्पर्धकाला उत्तरं आधीच पुरवल्याचं उघड झालं, तेव्हा १९६० मध्ये कायदाच केला की टीव्हीवरच्या ज्ञान-कौशल्याच्या स्पर्धेत अशी लबाडी हा गुन्हा. आपल्याकडे खास असा कायदा नाही, त्यामुळे ग्राहक कायद्याकडे जावं लागतं.

तो प्रयत्न झालेला आहे. २००७ च्या कौन बनेगा करोडपतीच्या वेळी प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' अशी एसएमएस स्पर्धा होती, एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. बक्षीस आमच्याच एसएमएसच्या पैशातून देता, म्हणून एका ग्राहक संस्थेने तक्रार केली, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये स्टार इंडिया आणि एअरटेलला १ कोटीचा दंड केला. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या पैशातूनच दिली याचा पुरावा पुढे आला नव्हता. परत तेच, हिशोब कंपन्यांकडे आणि पुरावा द्यायचा तक्रारदाराने.

आणि आता तर मत अ‍ॅपवर देतात, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. कायद्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा, त्यामुळे फुकट मत देणाऱ्याने 'मी ग्राहक आहे, माझी फसवणूक झाली' हे कोर्टात कसं पटवायचं हा मोठा पेच आहे. त्या अ‍ॅपवर आपण फोन नंबर देतो, लॉग-इन करतो, जाहिराती बघतो, यालाच मोबदला धरावा असं माझं मत आहे. ते होईपर्यंत एक मागणी तरी आपण प्रत्येक फायनलनंतर चॅनलच्या पेजवर जाऊन लावून धरू शकतो, आणि ती मान्य करायला त्यांना एक रुपया खर्च येत नाही. शेवटच्या फेरीतल्या प्रत्येक स्पर्धकाला पडलेली मतं आणि ती बाहेरच्या कुणी तपासली त्याचं नाव, हे दोन्ही निकालाबरोबर पडद्यावर दाखवा.